ग्योंगजूच्या वीस छड्या

खरी मैत्री दगडात कोरून ठेवावी, म्हणजे ती राजेरजवाड्यांच्या थडग्यांसारखी दीड हजार वर्षं टिकते, असं नामगुंग ग्यु-सिकचं ठाम मत होतं. दानयांगला त्याच्या स्वतःच्या चुनखडीच्या खाणी होत्या, तेव्हा दगडाला तोटा नव्हता. पण कोरलेला दगड बसच्या सीटखाली जाईना, आणि वरच्या फळीवर ठेवला तर कोणाच्या डोक्यात पडणार नाही याची हमी ड्रायव्हर देईना. मग मैत्री काचेवर कोरून घेण्यात आली.

आमच्याकडे कृतज्ञता नुसती तोंडाने सांगून भागत नाही. निवृत्त होणारा हेडमास्तर, बदली झालेला फौजदार, देवळाच्या छपराला कौलं देणारा व्यापारी, सगळ्यांना काचेची पाटी मिळते. ती घरातल्या दर्शनी कपाटात ठेवतात आणि नववर्ष आणि सुगी, या दोन्ही सणांच्या आधी पुसतात. नामगुंगने करवून घेतलेली पाटी चांगली दोन बोटं जाड होती, खाली निळ्या मखमलीची पेटी होती, आणि ती प्यो इन-ह्वानला सहलीत सर्वांसमक्ष अचानक द्यायची असल्यामुळे नामगुंगने तिच्यावरचा मजकूर त्याला फोनवर फक्त तीनदा वाचून दाखवला होता. मजकूर असा होता: ‘१९७२ सालच्या शरदात, ग्योंगजूच्या शालेय सहलीत, मित्राचा अपराध आपल्या माथी घेऊन ज्याने निमूटपणे वीस छड्या सोसल्या, त्या प्यो इन-ह्वान यास, त्या छड्या ज्याला बसल्या नाहीत त्याच्याकडून.’

मजकुरात नाव ठेवायला जागा नव्हती. अडचण एवढीच होती की इन-ह्वान त्या सहलीला गेलाच नव्हता.

आता या देशात शाळेत असताना ग्योंगजूला न गेलेला माणूस म्हणजे देवी न काढलेला माणूस. असा असतो, पण तो ते बोलून दाखवत नाही. इन-ह्वानला त्या आठवड्यातलं एवढंच आठवत होतं: सणसणून ताप, बाहेर वादळी पाऊस, फुलाफुलांचा कागद चिकटवलेल्या भिंती, स्टेशनच्या कर्ण्यावरचा घोगरा आवाज, आणि आईपेक्षा जाड हातांची कुणी बाई चमच्याने पेज भरवतेय. ही बाई म्हणजे जेचनच्या स्टेशनामागे राहणारी मावशी असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तो अंथरुणातून उठून शाळेत गेला तोवर महिना उलटला होता आणि सहलीच्या गप्पा शिळ्या झाल्या होत्या. शाळा सोडताना मिळालेल्या अल्बममध्ये बुलगुक्सा मठाच्या दगडी पायऱ्यांसमोर काढलेला वर्गाचा फोटो होता. अठ्ठावन्न भादरलेली डोकी, एकेक तांदळाच्या दाण्याएवढं. इन-ह्वान त्यात स्वतःला शोधायला गेला नाही. आपण जिथे नव्हतो तिथे स्वतःला कोण शोधतो?

पुढे अठ्ठ्याऐंशी साली त्याची सिमेंट कारखान्यातली नोकरी सुटली. मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. नामगुंगचा बाप नुकताच वारला होता, खाण आणि भट्टी नामगुंगच्या हातात आली होती, आणि तिथे गोदामावर माणूस हवा होता. इन-ह्वान अर्ज घेऊन गेला. नामगुंगने अर्ज बाजूला सारला, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, लेका, ग्योंगजूच्या त्या रात्री माझ्या सोजू दारूच्या बाटलीपायी तू वीस छड्या खाल्ल्यास, तुला अर्ज कसला? इन-ह्वानने तोंड उघडलं. मग त्याला दोन महिन्यांची मुलगी आठवली आणि त्याने ते मिटलं. ते पुढची एकतीस वर्षं मिटलेलंच राहिलं. कारखान्यात तो नामगुंगला ‘साहेब’ म्हणे आणि वर्षातून एकदा, वर्गमित्रांच्या जेवणात, ‘लेका’ म्हणे. दोन्ही त्याला सवयीने जमू लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्याने हे पहिल्यांदा बायकोला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, “मग आता काय, एकतीस वर्षं परत करून येणार?”

परत करायची नव्हती. पण पोटासाठी मूग गिळणं वेगळं आणि पोट भरल्यावर तेच मूग काचेच्या कपाटात मांडून ठेवणं वेगळं. शिवाय नातीला वाचता येऊ लागलं होतं, आणि तिला प्रश्न विचारायची खोड होती. आज ना उद्या ती पाटीसमोर उभी राहून विचारणार, आजोबा, लागलं का खूप? तेव्हा पाटी हातात पडायच्या आत नामगुंगला खरं सांगून टाकायचं, असं इन-ह्वानने पक्कं केलं होतं. भीती एकच होती. सहासष्टाव्या वर्षी आपल्याला ‘लेका’ म्हणणारा जगात एकच माणूस उरलाय, तो आज संध्याकाळी उरणार नाही.

सहल ‘आठवणींची’ होती. हा धंदा ग्योंगजूत जोरात चालतो. साठी उलटलेले पुरुष येतात, भाड्याने बंद गळ्याचे काळे शाळकरी गणवेश घेतात, डोक्यावर टोप्या घालतात, आणि शिट्टी वाजवणारी एक बाई त्यांना रांगेत उभं करून देवळं दाखवते. अठ्ठावन्नपैकी बावीस जण आले होते. बाकीच्यांपैकी काही वारले होते, काहींचे गुडघे वारले होते. पितळी बटणं एकाचीही लागत नव्हती. मॉनिटर सोल दोंग-जुन, जो पुढे पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाला तरी मॉनिटरच राहिला, त्याने दंडाला पिवळी पट्टी बांधून हजेरी घेतली आणि मेलेल्यांची नावंही पुकारली, कारण यादी जुनी होती.

पहिलं ठिकाण राजांची थडगी. गावाच्या मधोमध हिरवळीच्या गोल टेकड्या, आणि त्यांच्यामधून पायवाट. शिट्टीवाल्या बान बाई चाळिशीच्या होत्या आणि त्यांना सगळं तोंडपाठ होतं. त्या म्हणाल्या, या टेकडीत अमुक राजा आहे असं मानतात. त्या टेकडीत कोण आहे ते माहीत नाही. ती पलीकडची खणली तेव्हा उडत्या घोड्याचं चित्र सापडलं, सोन्याचा मुकुट सापडला, राजाचं नाव काही सापडलं नाही. सोलने मॉनिटरच्या अधिकाराने विचारलं की मग हा अमुक राजा हे ठरवलं कोणी. बान बाई म्हणाल्या, पुष्कळांच्या बाबतीत हजारेक वर्षांनी वंशजांनी बसून ठरवलं. भांडण नको म्हणून टेकड्या वाटून घेतल्या, असं म्हणतात.

“पण आत कोणीतरी आहे ना नक्की?” मागून एकाने विचारलं.

“कोणीतरी आहेच,” बान बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

रांग पुढे सरकली तेव्हा इन-ह्वानने नामगुंगची बाही धरून त्याला मागे ठेवलं. दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात वाऱ्याचा आवाज येत नव्हता. सांगायला जागा चांगली होती.

“ग्यु-सिक, एक सांगायचंय. त्या सहलीला मी नव्हतो.”

“कुठल्या?”

“बहात्तरच्या. ग्योंगजूच्या. मी आलोच नव्हतो.”

नामगुंग थांबला. त्याने टोपी काढली, टेकडीकडे पाहिलं, मग इन-ह्वानकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“बघ,” तो म्हणाला, “याला म्हणतात मन. मला उपकाराचं ओझं होऊ नये म्हणून आता सहलीलाच नव्हतो म्हणतोस.”

“ओझ्याचं नाही रे. मला ताप आला होता.”

“येणारच. वीस छड्या होत्या.”

आणि त्याने इन-ह्वानच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला रांगेत परत नेलं. इन-ह्वान चालता चालता विचार करत होता की आपण नेमकं काय चुकीचं बोललो. जितकं नाकारावं तितका भाव चढत होता. हरभऱ्याच्या झाडावर लोक माणसाला चढवतात हे त्याने पाहिलं होतं. खाली उतरतो म्हटल्यावर झाडच उंच होतं, हे नवीन होतं.

पुढे तारे पाहायचा जुना दगडी मनोरा आला. बाटलीसारखा, मध्यावर एक चौकोनी खिडकी. आता भोवती कुंपण आहे, पण पूर्वी पोरं त्यावर चढून फोटो काढत. इथे वर्गाची स्मरणशक्ती एकदम मोकाट सुटली. सोलने सांगितलं की इन-ह्वान त्या खिडकीपर्यंत चढला होता आणि त्याची टोपी आत पडली होती. दुसऱ्याने सांगितलं, टोपी नव्हे, पावांची पुडी. तिसरा म्हणाला, तेच लाल पुरणाचे पाव खाऊन तर हा आजारी पडला. चौथ्याला आठवलं की हा डोंगरावरच्या गुहेतल्या बुद्धासमोर रडला होता. इन-ह्वानने काकुळतीला येऊन विचारलं की मी रात्री झोपलो कुठे ते सांगा.

“कोपऱ्यात,” सोल म्हणाला.

“कोपऱ्यात,” आणखी तिघे म्हणाले.

“पांघरुणात डोकं घालून. ओ की ठो नाही.”

इतर सगळ्या बाबतींत चौघांची चार तोंडं होती, याच बाबतीत एक होतं. इन-ह्वान गोंधळला. तो इतकी वर्षं इतक्या खात्रीने नव्हता की आपण असू शकतो ही शक्यताच त्याने कधी तपासली नव्हती. आता चौघांनी मिळून एका कोपऱ्यात त्याला अंथरूण घालून दिलं होतं.

सोलने मग पिशवीतून फोटो काढला. अल्बममधला तोच, पण टेबलाएवढा मोठा करून आणलेला, प्रत्येक डोक्यावर लाल आकडा. दुपारी बुलगुक्साच्या पायऱ्यांसमोर प्रत्येकाने आपापल्या जागी उभं राहायचं होतं. सतरा नंबरच्या डोक्यावर दोघांचा दावा होता. तो ब्याण्णव सालच्या पहिल्या स्नेहमेळाव्यापासून चालू होता आणि त्यापायी दोघांच्या बायकाही एकमेकींशी बोलत नव्हत्या. इन-ह्वानचं डोकं मात्र बिनविरोध होतं. तिसरी रांग, डावीकडून पाचवा, डोळे बारीक केलेला. त्याने वाकून पाहिलं. मोठं केल्यामुळे तांदळाच्या दाण्याचा वाटाणा झाला होता, चेहरा झाला नव्हता.

“तूच आहेस. कान बघ,” नामगुंग म्हणाला.

इन-ह्वानने स्वतःचा कान चाचपला. कानासारखा कान होता.

जेवायला दहा प्रकारच्या पानांत गुंडाळून खायचा भात होता. त्याआधी कार्यक्रमातला सगळ्यांच्या आवडीचा भाग झाला, शिक्षा. बान बाईंकडे स्पंजची छडी होती. एकवीस म्हातारे वाकून मार खायला ओळीने उभे राहिले आणि आपला नंबर चुकू नये म्हणून ढकलाढकली करू लागले. नामगुंग रांगेत आला नाही. माझ्या वाट्याच्या याने खाल्ल्यात, असं तो बान बाईंना सांगत होता. इन-ह्वानची पाळी आली तेव्हा बाईंनी विचारलं किती, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, वीस. इन-ह्वान वाकला. सगळे मोजत होते. त्या वीस छड्या त्याला आयुष्यात पहिल्यांदाच बसल्या, त्याही स्पंजच्या. पण उठताना त्याच्या मांडीत काहीतरी ओळखीचं दुखलं, आणि भात खाताना मनोऱ्याच्या अंधाऱ्या खिडकीत पडणारी टोपी त्याला स्वच्छ दिसली. टोपीच्या आत निळ्या शाईने त्याचं नाव होतं. आपल्या टोपीत आपण नाव लिहीत होतो का, हे त्याला आठवेना.

बुलगुक्साला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. प्रसिद्ध जिना दोरी लावून बंद असतो, समोर उभं राहून फोटो काढतात. तिथे त्यांचे तेव्हाचे वर्गशिक्षक ह्योन गुरुजी आधीच आले होते. त्यांची मुलगी त्यांना पोहांगहून गाडीतून घेऊन आली होती. गुरुजी शहाऐंशी वर्षांचे, चाकांच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी. बावीस काळे गणवेश कमरेत वाकले. गुरुजींनी एकेकाकडे पाहिलं आणि न विचारता नाव आणि हजेरी क्रमांक सांगत गेले. बावीसपैकी बावीस बरोबर. “प्यो इन-ह्वान, एक्केचाळीस,” ते म्हणाले, आणि इन-ह्वानला उगाच हजर म्हणावंसं वाटलं. मेंदू अजून वस्तऱ्यासारखा आहे, असं सगळे एकमेकांना कौतुकाने सांगू लागले.

गुरुजी मग बराच वेळ त्या जिन्याकडे पाहत राहिले. “चांगला आहे,” ते म्हणाले. “इतकं ऐकलं होतं.”

मुलगी कसनुशी हसली. फोटो निघाला. सतरा नंबरच्या जागी दोघेही उभे राहिले, अर्धे अर्धे. फोटोवाल्याचं काम होताच नामगुंग पेटी घेऊन पुढे आला. इन-ह्वानने शेवटचा प्रयत्न म्हणून त्याच्या कानात पुटपुटायला सुरुवात केली, पण आता त्यालाच कळत नव्हतं की काय पुटपुटायचं. मी नव्हतो म्हणावं, तर कोपरा होता. टोपी होती. दरम्यान नामगुंगने घसा खाकरून पाटी वाचायला घेतली. त्याचा आवाज खाणीत सुरुंग लावताना ओरडून कमावलेला होता. पलीकडच्या जपानी प्रवाशांनीही टोप्या काढल्या. ‘निमूटपणे वीस छड्या सोसल्या’ इथे तो थांबला.

“कोणी सोसल्या?” गुरुजींनी विचारलं.

“इन-ह्वानने, गुरुजी. माझ्यासाठी. तुमच्याच हातच्या.”

“याला मी हात लावला नाही,” गुरुजी म्हणाले. “वर्गात एवढ्या एकालाच लावला नाही. ताप चाळीस सेल्सिअसच्या वर गेला होता याचा. खाणावळवाली पेज भरवत होती.”

इन-ह्वान खुर्चीजवळ सरकला. पेजेची गोष्ट त्याने बायकोखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

“गुरुजी, ती बाई,” त्याने विचारलं, “हात जाड होते का तिचे?”

“मूठ ही एवढी. स्टेशनसमोर खाणावळ होती तिची. योंगचनला.”

“योंगचनला कसं?” सोल म्हणाला. “ग्योंगजूला म्हणायचंय तुम्हाला.”

“योंगचनला. वादळाने पुढचा रूळ खचला, गाडी तिथेच थांबली. दोन रात्री त्या खाणावळीत काढल्या आणि तुम्हाला घेऊन परत आलो. आपण इथे आलोच नव्हतो, मुलांनो.”

 बान बाईंची शिट्टी तोंडात तशीच राहिली. सोलने टेबलाएवढा फोटो उचलून गुरुजींच्या समोर धरला, जसा कोर्टात पुरावा धरतात.

“हा एकाहत्तरच्या वर्गाचा,” गुरुजी म्हणाले. “अल्बमला सहलीचा फोटो तर हवा. हेडमास्तर म्हणाले, छपाईचा ब्लॉक तयार आहे, डोकी सगळी भादरलेली, कोण बघतंय? तोच छापा.”

पन्नास वर्षांत फोटो कोणी बघितला नाही असं मात्र म्हणता आलं नसतं. बावीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाने ग्योंगजू पाहिलेलं होतं. कोणी लग्न झाल्या झाल्या बायकोला घेऊन, कोणी मुलांना घेऊन, कोणी कारखान्याच्या सहलीत. त्यातली नेमकी कोणती टोपी कोणत्या वर्षी पडली हे आता चाचपायला बसलं तर संध्याकाळची बस चुकली असती. सोलने हळूच फोटोची गुंडाळी केली. मग तो पुढे झाला आणि गुरुजींचा हात दोन्ही हातांत घेऊन, डोळे पुसत, मोठ्याने म्हणाला की गुरुजी, तब्येतीला जपा. मागे कुजबूज सुरू झाली. वय झालं. शेवटी सगळ्यांचं होतं. आत्ता दहा मिनिटांपूर्वी किती छान बोलत होते. सतरा नंबरवाले दोघे तर पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले की या आजारात माणूस जुनं सगळं विसरतो. बान बाईंनी शिट्टी वाजवली, कारण पुढचा गट पायऱ्यांसमोर उभा राहायला ताटकळला होता.

वर्ग पाणी प्यायला गेला. पाइनच्या झाडाखाली गुरुजींच्या खुर्चीजवळ नामगुंग आणि इन-ह्वान दोघेच उरले. नामगुंगच्या हातात पाटी तशीच होती.

“गुरुजी,” त्याने खालच्या आवाजात विचारलं, “मग बाटलीचं काय? सोजूची बाटली सापडली होती ना? का तेही नाही?”

“सापडली होती की. तुझ्या पिशवीत.”

“आणि वीस छड्या?”

“बाकीच्यांना पाच पाच, गप्प बसल्याबद्दल. वीस तुला. मी मोजल्या होत्या. सतराव्याला तू खाली बसलास. पाणी दिलं, मग राहिलेल्या तीन दिल्या. फार जोरात मारलं मी. मी तेव्हा तसा होतो.”

“मला नाही आठवत.”

“रात्री तुला पाठीवर झोपता येईना. पालथा पडून राहिलास, याच्या शेजारी. हा तापात कण्हत होता. तू सारखा उठून विचारत होतास, याला फार लागलंय का.”

मुलीने गाडी आणली. गुरुजींना आत बसवताना नामगुंगने त्यांचे पाय उचलून नीट ठेवले, घोंगडी सारखी केली आणि गाडी वळणापार होईपर्यंत वाकून उभा राहिला. मग तो झाडाखालच्या बाकावर येऊन बसला. इन-ह्वान शेजारी बसला. दोघांच्याही टोप्या मांडीवर होत्या.

“तू सकाळी म्हणालास, सहलीला नव्हतो,” नामगुंग म्हणाला.

“होतो म्हणे.”

“आणि मला छड्या बसल्या म्हणे.”

“वीस.”

“म्हणजे मी मार खाल्ला आणि आभार तुझे मानले?”

“मी मघाशी सांगायला आलो होतो तेव्हा हे सगळं नव्हतं,” इन-ह्वान म्हणाला. “तेव्हा नुसतं मी नव्हतो, एवढंच होतं.”

नामगुंगने मांडीच्या मागच्या बाजूला हात नेऊन चाचपून पाहिलं, जणू पन्नास वर्षांनी तिथे काही सापडणार होतं. गुरुजींचं वय झालंय असं म्हणून उठून जायची वाट मोकळी होती. सगळा वर्ग त्याच वाटेने नळावर गेला होता. पण तो उठला नाही. त्याने पाटी पेटीत घातली आणि पेटी इन-ह्वानच्या मांडीवर ठेवली.

“घे. नाव तुझंच आहे तिच्यावर. मी घरी नेऊन काय करू? बायको विचारेल, परत का आणली.”

“मला नात विचारेल, लागलं का.”

“सांग तिला, लागलं. कोणाला लागलं ते नको सांगू.”

इन-ह्वानने पेटी घेतली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती. नळाकडून सोलची हाक आली, बस सुटायला वीस मिनिटं आहेत. नामगुंग जागचा हलला नाही. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, मोजणीत न जुळणाऱ्या पोत्यांच्या थप्पीकडे पाहताना असत तशा.

“लेका, एक मला समजत नाही,” तो शेवटी म्हणाला. “तू माझ्यासाठी काहीच केलं नव्हतंस, तर मग गोदामाची नोकरी मी तुला दिली कशाबद्दल?”

इन-ह्वानने विचार केला. सकाळपासून त्याच्या डोक्यात खरं काय आणि लोकांनी घातलेलं काय याची भेसळ झाली होती, पण ही एक गोष्ट त्याला लख्ख आठवत होती. अर्ज घेऊन गेला त्या दिवशी परत जाताना नामगुंगच्या कारकुनाने जिन्यातच ती सांगितली होती. जाहिरात दीड महिना फाटकावर लावलेली होती आणि अर्ज एकच आला होता.